गुन्हेगार सापडला, पण जात फरार!



टीव्हीवरच्या जुन्या गुन्हेगारी मालिकांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेली ‘अनसॉल्व्ड मिस्टरीज’ ही सत्य घटनांवरची मालिका नेटफ्लिक्सने २०२० साली नव्या रूपात आणली. आपल्याकडे ‘सीआयडी’ डिसेंबर २०२४मध्ये परतली. ती काल्पनिक, पण २००३पासूनची ‘क्राइम पेट्रोल’ तर खऱ्या गुन्ह्यांचे नाव सांगतच नवनव्या रूपात येत राहते. मग १९९८च्या ‘इंडियाज मोस्ट वॉन्टेड’च्या धर्तीवरचे कार्यक्रमही आजच्या प्रेक्षकांसाठी पुन्हा काढा, असे म्हणणारा प्रेक्षक आमच्या वस्त्यांतही आहे. अकोल्यातला, अमरावतीतला आमचा तरुण हे सगळे मोबाइलवर पाहतो. त्याने पाहू नये, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. जुनी मालिका परत आणताना नेमके काय परत आणणार? नवा कॅमेरा येईल, ड्रोन येईल, काळ्या कोटातला नवा निवेदक येईल. पण या देशात रोज घडणारा आणि ज्याचे कारण कधीच सांगितले जात नाही असा जो गुन्हा आहे, तो येणार आहे का? २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे देशात नोंदले गेले. हा सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा आहे. नोंदले न गेलेले यात नाहीत. एवढ्या गुन्ह्यांच्या देशात गुन्हेगारी मालिकांना गोष्टींचा तुटवडा पडायचे कारण नाही. तुटवडा आहे तो नियतीचा.

या मालिकांची पहिली पाटी आठवा. नावे आणि ठिकाणे बदलण्यात आली आहेत, अशी ती पाटी असते. वरवर पाहता हे सभ्यपणाचे वाटते. पीडित कुटुंबाची ओळख लपली पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. पण या देशात आडनाव म्हणजे काय असते, हे कुणाला सांगायला हवे का? आडनाव बदलले की जात बदलते. जात बदलली की गुन्ह्याचे कारणच पडद्यावरून गायब होते. मग जयंतीच्या मिरवणुकीवरून झालेली मारहाण ‘दोन गटांतला वाद’ होते. आमच्या पोराने वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम केले म्हणून त्याला मारले, तर ती ‘प्रेमप्रकरणातून हत्या’ होते. आमच्या बाईने शेतातून रस्ता द्यायला नकार दिला, तर ती ‘जमिनीची भांडणे’ होतात. गुन्हा तोच, प्रेत तेच, फक्त हेतू चोरीला गेलेला. हेतू नसलेली गुन्हेकथा ही कसली गुन्हेकथा?

आणि नाव बदलल्याने काय होते, हे या चॅनलवाल्यांना चांगले कळते. २०२३च्या सुरुवातीला ‘क्राइम पेट्रोल’च्या एका भागावरून मोठा गदारोळ झाला. दिल्लीतल्या गाजलेल्या खून प्रकरणाशी तो भाग जुळतो आणि त्यात आरोपीचा व मयत मुलीचा धर्म बदलला, असा प्रेक्षकांचा आक्षेप होता. चॅनलने खुलासा केला आणि भाग मागे घेतला. धर्म बदलला तर काही दिवसांत भाग उतरतो. आमची तर जात वर्षानुवर्षे पुसली जाते आणि त्याला ‘संवेदनशीलता’ म्हणतात!

हा नुसता टीव्हीचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. ही जी कथा सांगण्याची रीत आहे, तीच रीत पोलीस स्टेशनात, वर्तमानपत्रात आणि कोर्टातही चालते. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावाने मारले. त्याआधी ३ सप्टेंबरला सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली होती. सुरेखा आणि प्रियंका त्या मारहाणीच्या साक्षीदार होत्या. त्यांनी आरोपी ओळखले होते. ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे हत्याकांड झाले. ओळ सरळ आहे. दलित बाईने साक्ष दिली, म्हणून तिचे घर संपवले.

पण सुरुवातीच्या बातम्यांत काय आले? अनैतिक संबंध! चिडलेले गावकरी! गुन्हेगारी मालिकेतला सगळ्यात खपाऊ मसाला तोच असतो आणि तोच आमच्या मेलेल्या बाईच्या कपाळी चिकटवला गेला. आंबेडकरी कार्यकर्ते स्वतः गावात गेले नसते, कागद गोळा केले नसते, तर खैरलांजी आज ‘अनैतिक संबंधातून घडलेले हत्याकांड’ म्हणूनच कुठल्यातरी मालिकेच्या एका भागात पडून राहिले असते.

पुढे काय झाले तेही पाहा. वऱ्हाड रस्त्यावर उतरला. नोव्हेंबर २००६मध्ये अमरावतीत पोलिसांच्या गोळीने एका आंबेडकरी तरुणाचा जीव घेतला. आंदोलनामागे नक्षलवादी असू शकतात, अशी शंका तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. म्हणजे ज्यांच्या घरची माणसे मारली, संशयित तेच! सप्टेंबर २००८मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. लोक खूश झाले. पण निकालात ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही, विनयभंगाचेही नाही. जुलै २०१०मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या कैदेत केले आणि हे सूडातून घडले, जातीतून नाही, असे मानले. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द त्यांच्या कानी पडलाच नाही.

गुन्हेगार सापडले, शिक्षा झाली, आणि जात फरार राहिली. आमच्या लेखी हीच खरी ‘अनसॉल्व्ड मिस्टरी’ आहे. त्यांच्या मालिकेत खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. आमच्याकडे ते पहिल्या दिवशी कळते. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात विचारा, “कोनं केलं ते साऱ्या गावाले मालूम हाय” हेच उत्तर मिळेल. गूढ पुढे सुरू होते. साऱ्या गावाला माहीत असलेली गोष्ट कागदावर येईपर्यंत कुठे हरवते? फिर्याद लिहिताना? पंचनाम्यात? काउंटर केस टाकून तडजोडीला बसवताना? साक्षीदार फुटताना? या प्रश्नांचा माग काढणारी मालिका आम्हाला कुणी दाखवावी.

कुणी म्हणेल, नव्या जमान्यात आमच्याही गोष्टी येत आहेत की! नागपूरच्या कस्तुरबा नगरवर नेटफ्लिक्सने माहितीपट मालिका केली. बरोबर आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव या गुंडाला वस्तीतल्या बायकांच्या जमावाने नागपूरच्या कोर्टात संपवले. बहुसंख्य दलितांची ती वस्ती. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेली ही मालिका उमेश कुलकर्णी या आपल्या मराठी दिग्दर्शकाने केली आणि तिच्यात वस्तीतल्या बायका स्वतः बोलतात. याचे आम्ही स्वागतच करतो. पण मालिकेचे नाव पाहा. ‘इंडियन प्रिडेटर’, म्हणजे हिंदुस्थानी शिकारी. आणि या भागाचे नाव ‘मर्डर इन अ कोर्टरूम’. नावात गुंड आहे, नावात कोर्टातला खून आहे. पण त्या बायकांवर वर्षानुवर्षे झालेले अत्याचार आणि पोलिसांनी न ऐकलेल्या तक्रारी नावात नाहीत. कोर्टातली काही मिनिटे हा ‘गुन्हा’ ठरला आणि त्याआधीची वर्षे ही ‘पार्श्वभूमी’ ठरली. आमच्या हिशेबाने पोलिसांनी परत पाठवलेल्या पहिल्या बाईपासून गुन्हा सुरू होतो. याच प्रकरणावर २०२१मध्ये आलेल्या ‘२०० हल्ला हो’ या चित्रपटाने काल्पनिक पात्रे घेऊनही जातीचा प्रश्न उघडपणे पुढे ठेवला. म्हणजे ठरवले तर जमते!

आता कुणी म्हणेल, मालिकेने काय न्याय मिळतो? करमणूक आहे, सोडून द्या. आम्ही सोडणार नाही आणि त्याचे उदाहरण अमेरिकेतलेच देतो. सुरुवातीला जिचे नाव घेतले त्या ‘अनसॉल्व्ड मिस्टरीज’च्या नव्या पर्वात अलोन्झो ब्रूक्सची गोष्ट आहे. २३ वर्षांचा हा कृष्णवर्णीय तरुण एप्रिल २००४मध्ये कॅन्सस राज्यातल्या ला सिग्न या छोट्या गावी एका पार्टीला गेला आणि घरी परतला नाही. पोलिसांनी परिसर शोधला, काही मिळाले नाही. महिनाभराने घरचे आणि मित्र स्वतः शोधायला उतरले, तेव्हा तासाभरात ओढ्याकाठी त्याचे प्रेत मिळाले! शवविच्छेदनात मृत्यूचे कारण ठरले नाही. प्रकरण १५ वर्षे थंड पडले.

२०१९मध्ये एफबीआयने फाइल पुन्हा उघडली. २०२०मध्ये त्याचा भाग जगभर दिसला, माहिती देणाऱ्याला एक लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, प्रेत उकरून पुन्हा तपासले गेले आणि एप्रिल २०२१मध्ये हा खूनच होता, असे अधिकृतपणे जाहीर झाले. हे एकट्या मालिकेने केले, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या मालिकेने त्याचे नाव बदलले नाही, गाव बदलले नाही, गोऱ्यांच्या त्या पार्टीत वंशद्वेषाचे काय झाले हा प्रश्न टाळला नाही. आई बोलली, मित्र बोलले. जुनी मालिका नव्या काळासाठी परत आणणे याला म्हणतात. अलोन्झोच्या घरच्यांना तासाभरात जे सापडले ते पोलिसांना महिनाभर का सापडले नाही, हा प्रश्न वऱ्हाडातल्या आमच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

इथल्या मालिका मात्र शेवटी आम्हालाच उपदेश करतात. सतर्क राहा! दार लावून घ्या, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, मुलीवर लक्ष ठेवा. अरे, गावकुसाबाहेरचा माणूस दोन हजार वर्षे सतर्कच आहे! वरातीत घोड्यावर बसताना सतर्क, विहिरीवर सतर्क, निळा झेंडा लावताना सतर्क, फोनची रिंगटोन ठेवताना सतर्क. २०१५ साली शिर्डीत सागर शेजवळचा खून बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून झाला. २०२३ साली नांदेडजवळ बोंढार हवेलीत अक्षय भालेरावचा खून झाला, गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता. यांनी कशी सतर्कता बाळगायची होती? सतर्क राहायला हवे होते ठाणेदाराने, तहसीलदाराने, समाजकल्याण अधिकाऱ्याने. उपदेश त्यांना करा.

आता आमच्या चळवळीतल्या काही मित्रांचा आक्षेप. मोर्चे सोडून मालिकांच्या मागे कुठे लागता, असे ते म्हणतील. त्यांनी बाबासाहेब आठवावेत. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या हातातले माध्यम आपली गोष्ट सांगणार नाही, हे बाबासाहेबांना शंभर वर्षांपूर्वी पक्के ठाऊक होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचा. त्यात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत बाबासाहेबांनी नोंदवली आहे. १९२९ सालची ती गोष्ट. बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर महारवाड्यासारख्या त्या वस्तीत शिरायला तयार नाही. आला तेव्हा थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावले. पुन्हा त्याच वाटेने परत. बाई गेली.

कायद्याने यात खून नाही. पण बाबासाहेबांनी तारीख दिली, प्रदेश दिला, कुणाच्या हातातून काय गेले ते सांगितले. रडारड नाही, पार्श्वसंगीत नाही. एका थर्मामीटरच्या प्रवासात त्यांनी मारेकरी दाखवून दिला आणि त्या मारेकऱ्याचे नाव जात. गुन्हेगारी माहितीपट कसा करावा याचा वस्तुपाठ आमच्या घरातच आहे. नेटफ्लिक्सच्या दारात जाऊन शिकायची गरज नाही.

तेव्हा पुनरुज्जीवन करायचेच असेल, तर ते आपणच करू. सुरुवात वऱ्हाडातून करू. पहिली गोष्ट अकोला जिल्ह्यातल्या धाकलीची. १९७४ साली या गावात गवई बंधूंचे डोळे काढले गेले. घरच्या मुलीला लग्नाचे आमिष दाखवून फसवल्याचा जाब त्यांनी गावातल्या बड्या घराला विचारला होता. एवढाच त्यांचा अपराध. दलित पँथरने हे प्रकरण महाराष्ट्रभर नेले, सत्तेच्या दारापर्यंत नेले. २०२४मध्ये त्याला ५० वर्षे झाली. तेव्हा पँथरच्या मोर्च्यात चालणारा विशीतला पोरगा आज सत्तरीत आहे. तो गेला की त्याची साक्षही गेली. जुन्या बातम्यांची कात्रणे, पत्रके, छायाचित्रे कुणाच्या ट्रंकेत वाळवीच्या तोंडी आहेत. २००६च्या अमरावतीचेही तेच होणार आहे. ज्यांनी त्या दिवशी दगड, लाठ्या, गोळ्या पाहिल्या ते आज चाळिशीत, पन्नाशीत आहेत. त्यांना आज विचारले नाही, तर उद्या पोलिसांचा अहवाल तेवढा उरेल.

खर्च फार नाही. मोबाइल सगळ्यांकडे आहे. पण काही पथ्ये पाळलीच पाहिजेत.

पहिले, कुटुंबाची संमती. त्यांनी नको म्हटले तर कॅमेरा बंद. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे प्रत्येकाने पाठ करावे. नाव लपवा, पण जात लपवू नका. पीडिताचीही आणि आरोपीचीही.

दुसरे, खून पुन्हा रंगवायचा नाही. आमच्या बायांच्या देहाची विटंबना एकदा झाली, ती नट आणून परत करायची नाही. प्रेतांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून दोन दिवस संताप येतो, तिसऱ्या दिवशी दुसरा फोटो येतो. आपण दाखवायचे ते ठाणे. तक्रार किती वाजता दिली, किती वाजता घेतली, कोणती कलमे लावली, कोणती सोडली.

तिसरे, कायद्याचा हिशेब मांडायचा. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला का? ६० दिवसांत चार्जशीट गेली का? जिल्हा दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसायला हवी, ती बसली का? माहितीच्या अधिकारात इतिवृत्त मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कायद्याचे कलम १५-अ. २०१५च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाच्या उपकलम १० प्रमाणे या कायद्याखालच्या खटल्याच्या सर्व कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवे. डॉ. पायल तडवी प्रकरणात २०१९मध्ये मुंबई हायकोर्टाने या कलमावर बोट ठेवून जामिनाच्या सुनावणीचे चित्रीकरण करायला लावले. म्हणजे खरा कॅमेरा संसदेनेच आम्हाला दिला आहे! अकोल्यातल्या, अमरावतीतल्या विशेष न्यायालयात तो चालू आहे का, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारले? पुढच्या तारखेला पीडिताच्या वकिलाला घेऊन अर्ज टाका. हीच तुमच्या मालिकेची पहिली चित्रफीत.

चौथे, एक भाग करून मोकळे व्हायचे नाही. दरवर्षी त्याच प्रकरणाचा पुढचा भाग. साक्षीदार कुठे आहे, नुकसानभरपाई मिळाली का, अपील कुठे अडले, आरोपी गावात कसा वावरतो. त्यांची मालिका निकालावर संपते. आपली निकालापासून सुरू व्हावी.

कुणी म्हणेल, याने जातीजातींत तेढ वाढेल. तेढ कॅमेऱ्याने वाढत नाही, कुऱ्हाडीने वाढते. आम्ही कुणाच्या जातीला गुन्हेगार म्हणत नाही. जातीच्या माजातून केलेल्या गुन्ह्याला जातीचा गुन्हा म्हणा, एवढेच मागतो. ते म्हणायला लाज वाटत असेल, तर ती लाज गुन्हा करताना वाटायला हवी होती.

त्यांना त्यांच्या जुन्या मालिका परत आणू द्या. आपण आपले जुने खटले परत आणू. या महिन्यात एक काम करा. आपल्या तालुक्यातले ॲट्रॉसिटीचे एक प्रकरण निवडा, त्या घरी जा, बसा, त्यांचे ऐका, फिर्यादीची प्रत मागा, पुढची तारीख लिहून घ्या. आणि त्या तारखेला कोर्टात हजर राहा. आमचा माणूस कोर्टाच्या बाकावर एकटा बसलेला दिसता कामा नये.

जयभीम!